गाडी ठणठणीत आहे

माझ्या हाताखालून गेलेली गाडी कधी तापली नाही. ही बढाई नाही, निदान गेल्या थंडीपर्यंत तरी नव्हती. गॅरेजच्या पाटीवर मी हे वाक्य रंगवूनही घेणार होतो, पेंटरशी बोलणं झालं होतं. पेंटर आळशी निघाला हे माझं नशीब.

कसब बाबांचं. इंजिनाभोवती जे पाणी फिरतं, त्याच्या वाटेत मुठीत मावेल एवढं एक झाकण असतं, थर्मोस्टॅट. इंजिन गार असेल तोवर ते बंद राहतं, पाणी आतल्या आत फिरतं आणि इंजिन लवकर ऊब धरतं. पुरेसं तापलं की ते आपोआप उघडतं आणि पाणी गार व्हायला रेडिएटरकडे जातं. जुनं झालं की कधीकधी हे झाकण बंदच अडकून बसतं आणि गाडी भर रस्त्यात उकळते. बाबांचा यावर एकच इलाज होता. तापलेली गाडी आली की थर्मोस्टॅट काढून टाकायचा आणि वाट कायमची मोकळी करायची. "नसलेला दात दुखत नाही," असं ते म्हणायचे. काढलेल्या थर्मोस्टॅटवर खिळ्याने गाडीचा नंबर कोरायचा आणि तो पत्र्याच्या डब्यात टाकायचा, ही त्यांची पद्धत. शिकाऱ्याने भिंतीवर शिंगं लावावीत तसा तो डबा आमच्या फळीवर असायचा. बाबा गेले, डबा माझ्याकडे आला, आणि मी त्यात भर घालत राहिलो.

आमच्या भागातले सगळेच मेकॅनिक हे करायचे. गिऱ्हाइकाला सांगायचं कुणी नाही. विचारायचंही कुणी नाही.

दाजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, डॉक्टरबाईंच्या गाडीवर अकरा वर्षं ड्रायव्हर होते. दाजींनी गाडीला अहो-जाहो करायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. आत बसण्याआधी चपलांचे तळवे पायपुसण्यावर घासायचे, आणि ते पायपुसणं स्वतःच घरून आणलेलं. खिशात एक छोटी वही असायची. पेट्रोल भरलं की तारीख, किलोमीटर, लिटर, खाली बारीक अक्षरात 'पाऊस' किंवा 'खूप थांबे' असा शेरा. मी त्यांना चिडवायचो, "दाजी, एवढी काळजी ताईची घेतली असती तर ती गुटगुटीत झाली असती." ते हसायचे. मला 'मिस्त्री' म्हणायचे. मेव्हण्याची थट्टा करायची त्यांची तेवढीच हद्द.

त्या उन्हाळ्यात डॉक्टरबाईंची गाडी दवाखान्याच्या फाटकासमोर उकळली. दाजींनी ती ओढून माझ्याकडे आणली. रेडिएटरच्या तोंडावरचं झाकण खराब झालं होतं, वाफ धरत नव्हतं. मी झाकण बदललं. काम तिथंच संपलं होतं. पण हात थांबला नाही. सवयीने दोन बोल्ट सोडले, थर्मोस्टॅट काढला, नंबर कोरला, डब्यात टाकला. दाजी तेव्हा टपरीवर चहा आणायला गेले होते.

गाडी पुन्हा तापली नाही. मी खूश, बाई खूश.

भर थंडीत बाई स्वतःच गॅरेजवर आल्या. दाजी सोबत होते, पण गाडीतून उतरले नाहीत, स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसून राहिले. बाईंच्या हातात दाजींची ती वही होती.

"लिटरला पंधरा देणारी गाडी अकरावर आलीये," बाई म्हणाल्या. "दीड महिना बघतेय. रस्ता तोच, घर ते दवाखाना. तुम्ही एकदा नीट तपासा. गाडीतच काही असेल तर बरं होईल."

त्यांच्या या शेवटच्या वाक्यात काय होतं ते मला तेव्हाच कळलं. गाडीत नसेल तर ड्रायव्हरमध्ये आहे. बाई वाईट नव्हत्या. त्यांना खरंच वाटत होतं की गाडीतच काही निघावं.

मी पूर्ण दिवस दिला, खोटं बोलणार नाही. एअर फिल्टर काढून पाहिला, स्वच्छ. प्लग काढले, जरा काळे होते, बदलले. प्लग काळे का, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. चारी चाकं जॅकवर उचलून हाताने फिरवली, ब्रेक कुठे चिकटत नव्हता. टायरमध्ये हवा बरोबर. गाडीखाली झोपून टाकीपासून इंजिनापर्यंत पेट्रोलची नळी बोटांनी चाचपली, कुठे ओल नाही. मग गाडी घेऊन एक चक्कर मारली. दाजी शेजारी बसले होते. अकरा वर्षांत त्या गाडीत शेजारच्या सीटवर बसायची त्यांची ती पहिलीच वेळ असावी.

थोड्या वेळाने त्यांनी बोट दाखवलं. "मिस्त्री, ही सुई बघ. पूर्वी मध्यावर यायची. हल्ली खालीच पडून असते. थंडीत तर हलतच नाही."

मी मोठ्याने हसलो. ते हसणं अजून माझ्या कानात आहे. "अहो दाजी, ज्याची गाडी तापते तो रडतो. तुमची तापत नाही म्हणून तुम्ही रडताय! माझ्या हातची गाडी आहे ती."

त्यांनी बोट मागे घेतलं. नंतर एवढंच म्हणाले, "तुला जास्त कळतं."

काखेत कळसा म्हणतात तो हा. फरक इतकाच, की कळसा मीच तिथे ठेवला होता, आणि शेजारी बसलेला माणूस बोट दाखवून 'तो बघ' म्हणत होता.

संध्याकाळी बाईंना मी म्हणालो, "गाडी ठणठणीत आहे." बाईंनी विचारलं, "नक्की?" आणि मी, उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणालो, "गाडी पेट्रोल पीत नाही, बाई. याची खात्री मी देतो." त्यांनी मान हलवली. माझ्याकडून लेखी मागितलं नव्हतं, तरी मी गॅरेजच्या छापील कागदावर लिहून दिलं, 'तपासणी केली, दोष नाही', आणि खाली सही. एवढा रुबाब.

दाजी हे सगळं तीन पावलांवरून ऐकत होते. त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी हातातले पाने पुसायला लागलो.

मनात काय होतं तेही सांगून टाकतो, आता लपवून काय करायचंय. मला वाटलं, घेतलं असेल दाजींनी. साधा माणूस आहे, मोह झाला असेल. अकरा वर्षं वहीत 'पाऊस' आणि 'खूप थांबे' लिहिणारा माणूस टाकीत नळी घालून पेट्रोल काढतो, हे मला पटलं. माझ्या हातून गाडी बिघडली असेल, हे मात्र पटलं नाही. नुसतं पटलं नाही असंही नव्हे, ते माझ्या डोक्यातच आलं नाही.

तीन आठवड्यांनी दाजींची नोकरी गेली. बाईंनी पोलिसांत तक्रार केली नाही, आणि घरात सगळे म्हणाले, मोठ्या मनाची बाई. बातमी मात्र ड्रायव्हर मंडळींत पसरलीच. कुणीही दाजींच्या हातात किल्ली देईना. शेवटी त्यांना बाजाराच्या मागच्या चारमजली पार्किंगमध्ये काम मिळालं. काचेच्या खोपटात बसायचं, आलेल्या गाडीला तिकीट द्यायचं, दांडा वर करायचा. दिवसाला तीनशे गाड्या समोरून जायच्या आणि एकीलाही हात लावायचा नाही.

त्यानंतर उन्हाळा लागला आणि बाईंचा फोन आला. गाडी आता साडेतेरा देते, म्हणाल्या. आता त्या स्वतःच चालवत होत्या. "म्हणजे तुमचंच बरोबर होतं," असंही म्हणाल्या. मी ताईला सांगितलं. का सांगितलं? माझंच खरं निघालं म्हणून. तिने ऐकलं आणि फोन ठेवून दिला.

उन्हाळ्यात हवाच गरम असते, इंजिन तसंही लवकर तापतं, झाकण असो वा नसो. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. कुठलाही मेकॅनिक झोपेतही सांगेल. पण सांगायला आधी कुणीतरी विचारावं लागतं, आणि मी स्वतःला काही विचारतच नव्हतो.

पुन्हा थंडी आली आणि बाई पुन्हा गॅरेजवर. या वेळी एकट्या.

"पुन्हा अकरा," त्या म्हणाल्या. "आणि हीटर लावला तर गार वारा येतो. सकाळी पाय गारठतात. आता मला सांगा, गाडी मीच चालवते, पेट्रोल मीच भरते. मीच माझं पेट्रोल चोरते का?"

त्या हसल्या. मला हसता आलं नाही. हीटर गार, हे दोन शब्द ऐकले आणि मी हातातला पाना खाली ठेवला. हीटरला ऊब इंजिनाच्या पाण्यातूनच मिळते. पाणीच गार असेल तर हीटर काय करणार?

मधल्या काळात मी स्कॅनर घेतला होता. डॅशबोर्डखाली जोडला की गाडीचा कॉम्प्युटर काय समजतो ते पडद्यावर दिसतं. बाईंना खुर्चीवर बसवून मी गाडी बाहेर काढली. वीस मिनिटं चालवली. पाणी नव्वदच्या आसपास जायला हवं होतं. आकडा अठ्ठावन्नला येऊन थांबला. उतारावर तर बावन्न. इंजिन तापतच नव्हतं, आणि कॉम्प्युटर बिचारा समजत होता की गाडी आत्ताच चालू झालीये, अजून गार आहे, हिला जास्त पेट्रोल द्यायला हवं. घर ते दवाखाना, रोज, सगळा रस्ता, तो गार इंजिनाला पेट्रोल पाजत होता. म्हणून प्लग काळे. म्हणून अकरा. सुई तळाशी पडून होती, दाजींनी बोट दाखवलं होतं तिथेच.

मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली. बॉनेट उघडायची गरज नव्हती. आत काय आहे, आणि काय नाही, ते मला माहीत होतं.

गॅरेजमध्ये आलो आणि फळीवरचा डबा खाली काढला. बाईंना म्हटलं, गाडी दोन दिवस ठेवा. त्या गेल्यावर डबा फरशीवर उलटा केला. एकेकाचा नंबर वाचत गेलो. बाबांच्या हातचे होते, माझ्या हातचे होते. बाईंच्या गाडीचा सापडला. मग चहाच्या भांड्यात पाणी घेतलं, दोऱ्याने तो थर्मोस्टॅट आत लोंबकळत सोडला आणि शेगडी पेटवली. हे तपासायची साधी रीत आहे, पाच मिनिटांचं काम. बाबांनी ते कधी केलं नाही. मीही नाही. पाणी तापलं, बुडबुडे धरायला लागलं, आणि ते झाकण सावकाश, शहाण्यासारखं उघडलं. भांडं उतरवलं तसं मिटलं. पुन्हा तापवलं, पुन्हा उघडलं. त्याच्यात काही बिघाड नव्हता. कधीच नव्हता. मी चांगला चालणारा भाग काढून टाकला होता.

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपण म्हणतो. इथे तर चोरानेच दाखला लिहून दिला होता, खाली सही करून.

मी नवा थर्मोस्टॅट बसवला, नवं पाणी भरलं, पाण्याच्या वाटेतली हवा काढली. चक्कर मारली. आठ मिनिटांत सुई मध्यावर आली आणि तिथे ठाम उभी राहिली. हीटरमधून गरम वारा आला. इतकी सुंदर दुरुस्ती मी आयुष्यात केली नसेल, आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून मी स्वतःला जी घालता येईल ती शिवी घातली.

पंधरा दिवसांनी बाईंच्या दवाखान्यात गेलो. त्या खुशीत होत्या. गाडी पंधराच्या जवळ आली होती. मी जुना थर्मोस्टॅट त्यांच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. सुईचं सांगितलं, हसण्याचं सांगितलं, कागदाचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. कपाळ चोळत म्हणाल्या, "पण त्यांनी तर कबूल केलं होतं."

"काय?"

"तुमच्या दाजींनी. इथेच, याच टेबलासमोर उभे राहून. म्हणाले, हो बाई, मी पेट्रोल काढत होतो, माफ करा. मी तरी काय समजायचं? त्याआधी दोन-तीन आठवडे नाहीच म्हणत होते."

जे पेट्रोल कुणी चोरलंच नाही, ते चोरल्याचं कुणी कसं कबूल करेल?

"त्यांना परत बोलवा," मी म्हटलं. "चूक माझी आहे. लेखी देतो." पुन्हा लेखी. जित्याची खोड.

बाईंनी तो थर्मोस्टॅट हातात घेऊन उलटसुलट केला. त्यांना वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. पण त्या हळूच म्हणाल्या, "असं बघा, चोरी केली नसताना जो माणूस 'केली' म्हणतो, त्याच्यावर मी विश्वास कसा ठेवू? उद्या अजून कशाला हो म्हणेल." नंतर म्हणाल्या, "आणि आता मला स्वतः चालवायची सवय झालीये." त्यांनी तो भाग माझ्याकडे सरकवला आणि टेबलावर त्याखाली गंजाचा डाग पडला होता तो कागदाने पुसला.

तिथून मी तडक पार्किंगवर गेलो. दाजी खोपटात बसले होते. अंगात निळा गणवेश, खांद्यावर सैल. मी आत शिरून स्टुलावर बसलो आणि दुसऱ्यांदा तीच हकिकत सांगायला घेतली. मधेमधे गाडी यायची, ते तिकीट द्यायचे, दांडा वर करायचे, मग माझ्याकडे वळायचे. मी वाट बघत होतो. ते म्हणतील, 'मी तुला सुईचं सांगितलं होतं.' म्हणावंच, शिव्या द्याव्यात, थोबाडीत द्यावी. त्यांनी थर्मोस्टॅट हातात घेतला, अंगठ्याने त्यावर कोरलेला नंबर पुसून पाहिला.

"माझ्याच गाडीचा," म्हणाले. अजूनही 'माझी गाडी'.

"दाजी, तुम्ही कबूल का केलंत?"

"तू म्हणालास गाडी ठणठणीत आहे. मग उरलं कोण?" ते चिडून बोलत नव्हते, हिशेब समजावून सांगितल्यासारखं बोलत होते. "पेट्रोल तर जात होतं ना, मिस्त्री. वही माझीच होती. माझ्याच अक्षरात अकरा लिहिलेलं. कधी वाटायचं पंपवाला कमी घालतो, म्हणून पंप बदलून पाहिला. कधी वाटायचं कुणीतरी आपल्यामागे काढतं, म्हणून जेवायचा डबा गाडीच्या टाकीशेजारी उभा राहून खायचो. काहीच सापडेना. आणि घरी तुझी ताई. तीन आठवडे माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची आणि आत जाऊन बसायची. स्वतः जेवायची नाही. एकच म्हणायची, माझा भाऊ खोटं बोलणार नाही."

एक मोठी गाडी आली. त्यांनी तिकीट दिलं, दांडा वर गेला, खाली आला.

"एका संध्याकाळी मी म्हटलं, हो, घेतलं. खूप रडली. मग उठून जेवली. मला इतकं हलकं वाटलं, काय सांगू. मग बाईंनाही तेच सांगितलं. घरी चोर आणि बाहेर साव, अशी दोन ठिकाणी दोन माणसं होऊन राहणं मला जमलं नसतं." ते जरा हसले. "चोरी कबूल करणं सोपं असतं रे. चोरीचे पैसे कुठे गेले ते जुळवणं अवघड. ती विचारायला लागली, कुठे घातलेत? आता होतेच कुठे! मग म्हटलं, लॉटरी. मी आयुष्यात कधी तिकीट घेतलं नाही. कसं दिसतं तेही धड माहीत नव्हतं. एक विकत आणलं आणि खिशात सापडेल असं ठेवलं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, "मी आत्ताच्या आत्ता ताईला सांगतो."

"नाही सांगायचं."

"दाजी!"

"ऐक. तिने मला माफ केलं. सोपं नव्हतं तिला, पण केलं, आणि त्यावर तिने घर उभं ठेवलंय. आता तू सांगणार, की माफ करण्यासारखं काही नव्हतंच. मग तिला कोण माफ करणार? मी एका शब्दात करेन. पण ती स्वतःला करेल? आणि तुला? तुम्हाला दोघांना एकमेकांशिवाय आहे कोण?" त्यांनी थर्मोस्टॅट माझ्या हातात परत ठेवला. "माझी पाळी संपतेय. घरी चल, चहा घेऊन जा."

वाटेत मी किती वेळा तोंड उघडलं आणि मिटलं. दाजींनी मला गप्प राहायला सांगितलं होतं. स्वतःच्या भल्यासाठी नाही, ताईच्या भल्यासाठी. आणि त्यात माझंही भलं होतंच, अगदी चोख, काठोकाठ. हेच मला सगळ्यात जास्त टोचत होतं. दुसऱ्या कुणाची अशी अट असती तर मी मोडली असती का? माहीत नाही. ही अट मला परवडणारी होती, एवढं नक्की.

घर दोन खोल्यांचं. ताईने दार उघडलं, मला बघून तिचा चेहरा फुलला. "अरे, आज वाट कशी वाकडी केलीस? बस." तिने चहा टाकला. दाजी गणवेशाचा शर्ट काढून खुंटीला लावत होते. ती चहा गाळतागाळता माझ्याकडे वळली आणि आवाज खाली न करताच म्हणाली, "बरं चाललंय हो आता आमचं. सुधारलेत हे. वर्ष झालं, तिकिटाला हात लावलेला नाही."

दाजींनी मान हलवली.

"तू तेव्हा खरं बोललास म्हणून," ताई म्हणाली. "दुसरा असता तर नात्याकडे बघून काहीतरी थातुरमातुर सांगितलं असतं, गाडीत बिघाड आहे म्हणून. मग यांची सवय वाढतच गेली असती. मला तेव्हा राग आला होता तुझा. आता वाटतं, बाबांचा मुलगा शोभलास."

मी कप हातात घेतला. चहा तोंड भाजेल इतका गरम होता आणि मी तो तसाच प्यालो.

"आणि हातात काय घेऊन बसलायस तेव्हापासून?"

मी दाजींकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत होते. डॉक्टरबाईंच्या वेळी तीन पावलांवरून पाहिलं होतं तसंच. तेव्हा मी बोलायला नको होतं आणि बोललो. आता बोलायला हवं होतं.

"काही नाही," मी म्हटलं. "जुना भाग आहे. बाद झालेला."

"बाबांसारखंच, सगळं गोळा करत फिरायचं," ताई हसून म्हणाली.

मी उठलो. दाजी मला कोपऱ्यापर्यंत सोडायला निघाले, त्यांनी दुसरा शर्ट अंगात घातला. दाराशी ताईने त्यांना थांबवलं. बोलणं माझ्याशीच चालू होतं, पुढच्या रविवारी जेवायला ये, उशीर करू नकोस, असं काहीतरी. बोलता बोलता तिने दाजींच्या शर्टाचा खिसा चाचपला, मग पँटचा उजवा, मग डावा. बघितलंही नाही तिकडे, नुसता हात फिरत होता. दाजींनी दोन्ही हात थोडे वर धरले होते, तिला सोपं जावं म्हणून.